गिटारवादनातील मनगटदुखी
गिटार शिकताना मुख्यतः तारा दाबणाऱ्या हाताच्या मनगटात उद्भवणारी वेदना म्हणजे गिटारवादनातील मनगटदुखी होय. मनगट फार वाकवून बोटांनी जोर लावल्यास तेथील अरुंद पोकळीतून जाणाऱ्या कंडरा व मज्जातंतू यांवर दाब येतो. तर्जनी सहाही तारांवर आडवी टेकवावी लागणाऱ्या ‘एफ’ कॉर्डमध्ये हा ताण विशेष जाणवतो. तार पडद्यालगत दाबल्यास कमी जोर पुरतो. अभिजात पद्धतीत डाव्या पायाखाली छोटे स्टूल ठेवून वाद्याची मान उंचावतात. त्यामुळे मनगट बरेचसे सरळ राहते. बोटांच्या टोकांची आरंभीची हुळहुळ निराळी. घट्टे पडल्यावर ती शमते. मनगटदुखी मात्र सोसून सराव करणे घातक असून वादन तत्काळ थांबवणेच इष्ट. अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होत असल्यास किंवा त्यांत रात्री मुंग्या येत असल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.