टेबलावरच्या युद्धखेळातील छोट्या इमारती कशा बनवतात?

सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती टेबलावर मांडून, फासे आणि मोजपट्टीच्या साहाय्याने लढाई खेळली जाते, त्या छंदाला टेबलटॉप वॉरगेमिंग म्हणतात. टेबलावरील टेकड्या, झाडे, कुंपणे आणि घरे यांना मिळून ‘टेरेन’ म्हणतात. यातील इमारती केवळ शोभेच्या नसतात. सैनिकाला शत्रू दिसतो का, त्याला किती आडोसा मिळतो, हे इमारतीवरून ठरते. म्हणून इमारत आधी खेळण्याजोगी आणि मग देखणी असावी लागते.

थोडा इतिहास

१८१२ मध्ये प्रशियाच्या राजासाठी बनवलेल्या युद्धखेळात भूभाग दाखवणारे, हवे तसे जुळवता येणारे ठोकळे होते. पुढे इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. त्यांच्या खेळात खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळ्या खरोखर उडवत. पोकळ घरात सैनिक ठेवले की गोंधळ होतो, म्हणून घरे विटांच्या भरीव ठोकळ्यांची असावीत, असे वेल्स यांनी सुचवले. म्हणजे घराची रचना हा तेव्हापासूनच नियमांचा भाग होता. आजचे खेळाडू पोकळ घरे बनवतात, पण छप्पर आणि मजले उचलता येतील असे ठेवतात.

मापे

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजाएवढा दिसला तरी कुणी हरकत घेत नाही. इथे मात्र प्रमाण सांभाळावे लागते. ‘बोल्ट ॲक्शन’ या दुसऱ्या महायुद्धावरील खेळात २८ मिलिमीटरचे सैनिक वापरतात. हे प्रमाण साधारण १:५६ धरले जाते. त्यानुसार २ मीटरचा दरवाजा ३६ मिलिमीटरचा होतो. पण सैनिक चकतीवर उभा असल्याने दरवाजा थोडा उंच, ४० मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. चकतीची रुंदी बहुधा २५ मिलिमीटर असते. गॅलरी किंवा जिना त्याहून अरुंद असेल, तर सैनिक तिथे उभाच राहत नाही.

साहित्य आणि बांधणी

उदाहरण म्हणून १९४४ च्या लढाईतील नॉर्मंडीचे दगडी घर घेऊ. भिंतींसाठी एक्सपीएस हा घट्ट फोम सोयीचा, कारण त्यात थर्माकोलसारखे मणी सुटत नाहीत. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे. जाड पुठ्ठ्याच्या भिंतीही चांगल्या होतात. मात्र पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला पातळ गोंद किंवा रंग लावला तर तो वाळताना वाकतो. दोन्ही बाजूंना हात दिला की ताण सारखा राहतो.

फोमवर बॉलपेनने रेघा ओढून दगडांचे सांधे काढतात. चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा त्यावर दाबला की दगडाचा खडबडीतपणा येतो. दारे-खिडक्यांसाठी आइस्क्रीमच्या काड्या, तर छपरासाठी पातळ पुठ्ठ्याचे तुकडे खालून वर एकावर एक चिकटवतात. खरा १ सेंटिमीटरचा सांधा या प्रमाणात पाव मिलिमीटरहूनही बारीक होईल आणि दिसणारच नाही. म्हणून सांधे मुद्दाम खोल आणि रुंद ठेवतात.

रंग

इथेच सर्वांत महागात पडणारी चूक होते. स्प्रे रंगातील द्रावक फोम विरघळवतात. कित्येक तासांची मेहनत काही मिनिटांत खड्डे पडून वाया जाते. म्हणून आधी काळा ॲक्रिलिक रंग आणि पांढरा फेव्हिकॉल मिसळून पूर्ण इमारतीवर ब्रशने थर द्यावा. त्याने फोम झाकला जातो आणि पृष्ठभाग टणकही होतो. तापलेल्या तारेने फोम कापताना निघणारा धूर घातक असतो, त्यामुळे ते काम हवेशीर जागीच करावे.

छोट्या वस्तूवर सावल्या ठळक पडत नाहीत, त्या रंगवाव्या लागतात. त्यासाठी तीन टप्पे असतात.

१. मूळ रंग: भिंतीला मातकट करडा, स्लेटच्या छपराला निळसर राखाडी.

२. वॉश: गडद तपकिरी रंग भरपूर पाण्यात पातळ करून लावतात. तो सांध्यांत उतरतो आणि सावली तयार होते.

३. कोरडा ब्रश: ब्रशवरचा फिकट पिवळसर रंग कागदावर जवळजवळ पुसून मग भिंतीवर हलकेच फिरवतात. फक्त उंचवटे उजळतात आणि दगड उठून दिसतो.

शेवटी जमिनीलगत हिरवट ओल आणि खिडकीखाली पावसाचे ओघळ दाखवले की घर राहते वाटते. त्यावर चमक नसलेले मॅट व्हार्निश द्यावे, कारण खेळताना इमारत सतत हाताळली जाते.

रंगाचा डबा उघडण्याआधी मात्र एक सैनिक दारात, खिडकीशी आणि प्रत्येक मजल्यावर उभा करून पाहावा. तो पडत असेल तर भिंत पुन्हा कापणे सोपे असते. रंगवल्यानंतर तसे करायचे कुणाच्याही जिवावर येते.