ब्याण्णव : कोपनहेगनमध्ये आणि बीजिंगमध्ये

दुसरीच्या वर्गात ‘ब्याण्णव’ लिहायला सांगितले की एखादे मूल हमखास २९ लिहिते. आपण ते खोडतो आणि ‘नीट ऐकत जा’ म्हणतो. खरे तर त्या मुलाने नीटच ऐकलेले असते. ‘ब्याण्णव’मध्ये आधी ‘बे’ ऐकू येतात आणि नव्वद मागाहून येते. जे जसे ऐकले तसे त्याने लिहिले. मग चूक मुलाची की शब्दाची?

२०१९ साली हा प्रश्न महाराष्ट्रात चांगलाच गाजला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’, ‘ब्याण्णव’ऐवजी ‘नव्वद दोन’ अशी वाचनाची पद्धत सुचवली होती. त्यावर वर्तमानपत्रांतून आणि विधानसभेतही वाद झाला. भाषेचा ऱ्हास होईल असे एक बाजू म्हणत होती, तर मुलांचे ओझे कमी होईल असे दुसरी. या वादाकडे जरा लांबून पाहण्यासाठी आपण दोन दूरच्या भाषांकडे जाऊ. एक चिनी आणि दुसरी डेन्मार्कची डॅनिश.

चिनी भाषेत ९२ म्हणजे ‘ज्यौ-शि-अर’. ज्यौ म्हणजे नऊ, शि म्हणजे दहा, अर म्हणजे दोन, नऊ-दहा-दोन. बारा म्हणजे दहा-दोन आणि वीस म्हणजे दोन-दहा. एक ते दहा हे दहा शब्द आले की मूल नव्व्याण्णवपर्यंत मोजू शकते. या पद्धतीचा इतिहास फार जुना आहे. शांग राजवटीच्या काळातील, म्हणजे सुमारे तीन हजार दोनशे वर्षांपूर्वीच्या, भविष्यकथनाच्या हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर दशमान पद्धतीच्या संख्या कोरलेल्या आढळतात. पुढे चिनी गणिती बांबूच्या काड्या मांडून हिशेब करू लागले. त्यात एककाची, दशकाची, शतकाची जागा ठरलेली असे. म्हणजे बोलण्यातली संख्या आणि मांडलेली संख्या एकाच क्रमाने चालत.

परंतु चिनी भाषा मुळातच ‘शास्त्रीय’ आहे असे समजण्याचे कारण नाही. तिच्यातही वीस आणि तीस यांसाठी ‘न्यान’ आणि ‘सा’ असे जोडून झिजलेले शब्द होते. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये चिनी सम्राट छिन शि हुआंग याने वजनमापे एकसारखी करण्याचा जो हुकूम काढला, त्यात आपल्या राज्याचे सव्विसावे वर्ष सांगताना त्याने विसासाठी हेच जोडचिन्ह वापरले आहे. कँटनच्या बोलीत असे शब्द आजही ऐकू येतात. म्हणजे शब्द झिजण्याची क्रिया तेथेही घडली. फक्त प्रमाण भाषेत सुटी रूपे टिकली.

आता डेन्मार्क. तेथे ९२ ला ‘तो-ओ-हॅल्फेम्स’ असे काहीसे म्हणतात. ‘तो’ म्हणजे दोन, ‘ओ’ म्हणजे आणि. आपल्यासारखेच एकक आधी! पण खरी गंमत ‘हॅल्फेम्स’मध्ये आहे. हे एका लांबलचक शब्दाचे झिजलेले रूप आहे. त्याचा अर्थ ‘अर्धा-पाचवा पट वीस’. अर्धा-पाचवा म्हणजे चार पूर्ण आणि पाचवा निम्मा, अर्थात साडेचार. साडेचार गुणिले वीस बरोबर नव्वद. याच चालीने पन्नास म्हणजे ‘अर्धा-तिसरा पट वीस’, सत्तर म्हणजे ‘अर्धा-चौथा पट वीस’. साठ म्हणजे तीन वीस आणि ऐंशी म्हणजे चार वीस.

हे वाचून हसू येईल, पण थांबा. आपला ‘अडीच’ हा शब्द कोठून आला? संस्कृत ‘अर्धतृतीय’ यापासून, म्हणजे अर्धा-तिसरा! अशोकाच्या लघुशिलालेखात, सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी, अडीच वर्षे सांगताना ‘अढतिय’ हाच शब्द येतो. ‘दीड’ हा तसाच ‘अर्धा-दुसरा’; डॅनिशमध्ये दीडला आजही नेमके असेच म्हणतात. आणि ‘औटघटकेचा राजा’ यातला औट म्हणजे ‘अर्धचतुर्थ’, साडेतीन. जुन्या शाळांत पावकी, निमकी यांच्याबरोबर औटकी पाठ करून घेत. तेव्हा डॅनिश माणसाचे पन्नास म्हणजे आपले ‘अडीच वीस’ आणि त्याचे सत्तर म्हणजे ‘औट वीस’. विसांनी मोजण्याचेही आपल्याला नवल नको. साठाला ‘तीन विसा’ म्हणणारी माणसे आपल्या खेड्यांतही होती. कोपनहेगनचा बाजार आणि आपला आठवडी बाजार इतके काही वेगळे नव्हते.

डॅनिशमध्ये ही विसांची पद्धत मध्ययुगात रुजली. शेजारच्या स्वीडन आणि नॉर्वेमध्ये मात्र पाच-दहा, सहा-दहा अशा अर्थाचे सरळ शब्द राहिले. तीनही भाषा एकाच जुन्या भाषेच्या मुली, तरी मोजण्याच्या रीती वेगळ्या झाल्या. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. संख्यानामे ही भाषेच्या रक्तातून येत नाहीत. बाजार, सवय आणि कधी कधी सरकारी निर्णय त्यांना घडवतात.

सरकारी निर्णयाचे दोन नमुने पाहू. नॉर्वेत पूर्वी ‘दोन-आणि-वीस’ म्हणत. टेलिफोनचे क्रमांक सांगताना त्यामुळे चुका होतात, अशी दूरध्वनी खात्याची तक्रार होती. तेथील संसदेने निर्णय घेतला आणि १ जुलै १९५१ पासून ‘वीस-दोन’ हा क्रम अधिकृत झाला. शाळा आणि आकाशवाणी यांनी तो उचलला. तरीही जुना क्रम बोलण्यातून पुरता गेला नाही. आजही दोन्ही ऐकू येतात. डेन्मार्कमध्ये धनादेशांवर पन्नाससाठी ‘पाच-दहा’ अशा अर्थाचे सुटसुटीत शब्द वापरून पाहिले गेले, पन्नास क्रोनरच्या नोटेवरही तसा शब्द छापला गेला. पण लोकांच्या तोंडी तो बसला नाही. पुस्तकातला आणि नोटेवरचा शब्द जिभेवर येईलच असे नाही.

मग शब्द सोपे असण्याचा उपयोग किती? केविन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतील व चीनमधील, शाळेत जाण्यापूर्वीच्या वयातील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहापर्यंत मोजण्यात दोन्हीकडची मुले सारखीच होती. अकरा ते वीस या टप्प्यात मात्र फरक पडला. इंग्रजीतले अनियमित शब्द जेथे येतात तेथेच अमेरिकी मुले अडखळली. पण लहान संख्येच्या वस्तू मोजणे किंवा खेळात संख्या वापरणे यांत फरक दिसला नाही. म्हणजे शब्दांची अडचण खरी आहे, पण ती शब्दांपुरती आहे. डेन्मार्ककडे पाहा. इतकी अवघड नावे असूनही २०२२ च्या ‘पिसा’ चाचणीत तेथील पंधरा वर्षांच्या मुलांचे गणिताचे गुण सहभागी विकसित देशांच्या सरासरीहून अधिकच होते.

आता आपले पाहू. शंभराच्या आतील संख्यांसाठी चिनी मुलाला दहा शब्द लागतात, डॅनिश मुलाला सत्तावीस आणि एक ‘आणि’. मराठी मुलाला जवळजवळ नव्व्याण्णव. कारण डॅनिशमध्ये एकक आणि दशक यांचा सांधा ‘आणि’ने उघडा राहिला, आपल्याकडे तो दोन हजार वर्षांत झिजून बुजला. ‘द्वानवति’चे ‘ब्याण्णव’ झाले, ‘द्वादश’चे ‘बारा’. एकोणतीस ऐकताना तर मुलाला तीस ऐकू येते आणि लिहायचे असतात दोनावर नऊ! हे ओझे मराठी मूल उचलते, आणि उशीर झाला की आपण त्याला ‘कच्चा’ ठरवतो.

माझ्या मते २०१९ च्या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली होती : एक नाव ठेवायचे तर दुसरे टाकायचे. तसे करण्याची गरज नाही. ‘नव्वद आणि दोन’ हे शिडीसारखे वापरावे. दशकांच्या जुड्या आणि सुट्या काड्या समोर ठेवून मुलाने आधी ‘नऊ दहा, दोन’ म्हणावे, मग ‘नव्वद आणि दोन’, आणि मग त्याला सांगावे की याचेच घरातले नाव ‘ब्याण्णव’. शिडी चढून झाल्यावर ती बाजूला ठेवता येते. वरच्या वर्गातल्या मुलांना अडीच आणि औट यांची गोष्ट सांगावी. घरी दुसरी भाषा बोलणारी मुले वर्गात असतील तर त्यांची संख्यानामे फळ्यावर लिहून घ्यावीत आणि त्यांतले एकक-दशक सर्वांनी मिळून शोधावे.

आणि पुढच्या वेळी एखाद्याने ब्याण्णवचे २९ लिहिले, तर खोडण्यापूर्वी त्याला विचारावे, ‘तुला आधी काय ऐकू आले?’ त्याचे उत्तर बहुधा बरोबर असेल.