ठराव आणि ओंजळ

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील काळ्या लोकांचें दास्य नष्ट करण्यास झटलेल्या सज्जनांस अर्पण केलें. परंतु दास्य गेलें तरी दुजाभाव गेला नाहीं. तेथील दक्षिणेकडील राज्यांत शाळा, आगगाडीचे डबे, पिण्याच्या पाण्याचे नळसुद्धां गोऱ्यांचे वेगळे व काळ्यांचे वेगळे राहिले.

आमच्याकडे हाच प्रश्न महाडास उभा राहिला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानें १९२३ सालीं संमत केला. पुढील वर्षीं महाडच्या नगरपालिकेनें चवदार तळें खुलें केलें. तरी अस्पृश्यांची घागर रिकामीच राहिली.

अखेर २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारों अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीनें पाणी प्याले. मागाहून सत्याग्रहींस मारहाण झाली, तळ्याची ‘शुद्धि’ झाली, नगरपालिकेनें ठरावहि मागें घेतला. उच्च न्यायालयानें अस्पृश्यांचा हक्क मान्य केला तो १७ मार्च १९३७ रोजीं!

अमेरिकेंतहि १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. तथापि १९६० सालीं ग्रीन्सबरो येथें चार काळ्या विद्यार्थ्यांस उपाहारगृहांत गोऱ्यांसाठीं राखलेल्या आसनांवर जाऊन बसावेंच लागलें. ठराव हक्क सांगतो. तो बजावण्यास माणूस पुढें व्हावा लागतो.

आमच्या घटनेच्या १५ व्या अनुच्छेदांत विहिरी, तळीं, स्नानाचे घाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. टेंभुर्णीस मुलांस तो शिकवितांना मी आधीं ही ओंजळ सांगत असें.