हरवलेल्या मूक प्रेमपटांचे कागदी साक्षीदार

१/ १९२२ साली ‘बियॉन्ड द रॉक्स’ हा प्रेमपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. ग्लोरिया स्वॉन्सन आणि रुडॉल्फ व्हॅलेंटिनो हे त्या काळचे दोन लाडके तारे एकत्र आले ते याच एका चित्रपटात. पुढे त्याच्या प्रती नाहीशा झाल्या. कित्येक दशके हा चित्रपट उरला तो छायाचित्रांत आणि ‘लॉबी कार्डां’वर.

२/ लॉबी कार्ड म्हणजे चित्रपटगृहाच्या प्रवेशदालनात लावायचे, जाड कागदावर छापलेले चित्र. १९१० च्या दशकात अमेरिकेत ते रूढ झाले. आकार बहुधा ११ × १४ इंच, संच आठ कार्डांचा. एकावर चित्रपटाचे नाव व कलाकार, उरलेल्या सातांवर कथेतील प्रसंग. दारात घुटमळणाऱ्या प्रेक्षकाला तिकीटखिडकीकडे वळवणे, एवढेच त्यांचे काम.

३/ ही वस्तू टिकावी म्हणून घडवलेलीच नव्हती. वितरकाकडून संच येई, टाचण्यांनी लावला जाई आणि खेळ उतरला की पुढच्या गावी नाहीतर केरात जाई. कोपऱ्यांतील टाचणीची भोके संग्राहकाला दोष वाटतात. इतिहासकाराच्या लेखी तो कार्ड खरोखर वापरल्याचा पुरावा असतो.

४/ टिकायला हवे होते ते चित्रपट मात्र गेले. १९२७ नंतर बोलपटांची लाट आली आणि मूकपटांना बाजारात किंमत उरली नाही. फिल्ममधील चांदी काढून घेण्यासाठी रिळे नष्ट करण्यात आली. त्यात नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही. १९३७ साली न्यू जर्सीतील लिटल फेरी येथे फॉक्स कंपनीचे गोदाम पेटले आणि तिचे असंख्य मूकपट जळून गेले.

५/ लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या अहवालानुसार, १९१२ ते १९२९ या काळातील सुमारे ११,००० अमेरिकी मूकपटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ स्वरूपात शिल्लक आहेत. ग्रेटा गार्बोच्या ‘द डिव्हाइन वुमन’ (१९२८) या प्रेमपटाचे मॉस्कोतील संग्रहात सापडले ते सुमारे नऊ मिनिटांचे एकच रीळ.

६/ मात्र कागदाची साक्ष तपासूनच घ्यावी लागते. कार्डावरचे चित्र हे फिल्ममधून उचललेले नसे. चित्रीकरणाच्या जागी वेगळ्या कॅमेऱ्याने, बहुधा कलाकारांना त्यासाठी मुद्दाम उभे करून ते टिपले जाई. पडद्यावरच्या कृष्णधवल नायिकेचे ओठ कार्डावर लाल दिसतात, तो रंग छपाईचा. वेशभूषा, नेपथ्य, कलाकारांचे चेहरे यांबाबत कार्ड बरेच सांगते. प्रसंग पडद्यावर नेमका कसा उलगडला, याबाबत फारच थोडे.

७/ संग्राहकांच्या बाजाराने आणखी एक अडचण निर्माण केली. प्रेमपटाच्या संचात मागणी असते ती शीर्षक-कार्डाला आणि नायक-नायिकेच्या आलिंगनाला. ज्या कार्डावर प्रमुख तारे नाहीत, त्याला संग्राहकांच्या बोलीत ‘डेड कार्ड’ म्हणतात. त्यामुळे संच फुटले, एकेक कार्ड वेगळे विकले गेले. पण चित्रपटच हरवलेला असेल, तर एखाद्या दुय्यम अभिनेत्रीचे त्यातील काम कदाचित त्याच ‘मृत’ कार्डावर जिवंत असते.

८/ हे मोल आता ओळखले जात आहे. शिकागोचे संग्राहक ड्वाइट क्लीव्हलंड यांच्याकडील मूकपटकालीन दहा हजारांहून अधिक लॉबी कार्डांचे डिजिटायझेशन अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजने हाती घेतले. विखुरलेली कार्डे अशी एकत्र पाहता आली, की एका कार्डावरचा अनोळखी चेहरा दुसऱ्यावरून ओळखता येतो.

९/ ‘बियॉन्ड द रॉक्स’चे नशीब थोर. २००३ साली नेदरलँड्समध्ये, एका दिवंगत संग्राहकाच्या डब्यांत त्याची रिळे मिळाली आणि २००५ मध्ये चित्रपट पुन्हा पडद्यावर आला. बहुतेक प्रेमपटांच्या वाट्याला हे भाग्य आलेले नाही. त्यांच्यापुरते एवढेच हाती आहे : फुटलेला संच पुन्हा जुळवणे आणि तो जुळवताना, कोणी विकत घेत नाही म्हणून एकही कार्ड न वगळणे.