अष्टूर ते चौबारा

बिदर पाहावयास येणारा प्रवासी बहुधा किल्ला पाहून मोटारीने थेट अष्टूर गाठतो; मधली जुनी वस्ती पाहावयाची राहूनच जाते. वस्तुतः हे अंतर पायी तोडण्याजोगे आहे. शहराच्या मध्यभागी ७१ फूट उंचीचा चौबारा, तेथून किल्ल्याच्या वाटेवर महमूद गवानचा १४७२ चा मदरसा आणि पूर्वेस चौखंडीवरून बहामनी सुलतानांच्या घुमटांकडे जाणारा रस्ता. अहमदशहा वलीच्या उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातील मडियाळचे जंगम पायी येण्याची परंपरा आहे. लिंगायत भाविक या सुलतानाला अल्लमप्रभूंचे रूप मानतात. घुमटांच्या परिसरात फिरण्यासाठी वाट आखली जाईल तेव्हा तिचे दुसरे टोक चौबाऱ्यापाशी यावे, असा आग्रह आपण जुन्या रहिवाशांनीच धरावयास हवा.