स्वमग्नता आणि वैद्यकीय गांजा : नैतिक प्रश्न

स्वमग्न मुलांची तीव्र चिडचीड, स्वतःला इजा करून घेणे, निद्रानाश यांवर गांजाच्या झाडाचा अर्क द्यावा का, यासंबंधीचा वाद. मूळ स्वमग्नतेवरचा हा उपचार नव्हे. नशा न आणणारे सीबीडी आणि नशा आणणारे टीएचसी हे अर्कातले प्रमुख घटक. गांजा चांगला की वाईट यावरच वाद रंगतो. खरा प्रश्न मात्र आराम कोणाला पडला, मुलाला की घराला, हा आहे. जेरुसलेमच्या शारे त्झेदेक रुग्णालयातील आदी आरान व सहकाऱ्यांची चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ५ ते २१ वर्षे वयाचे १५० जण होते. सीबीडी व टीएचसी यांचे प्रमाण २०:१ होते. संपूर्ण अर्क घेणाऱ्यांपैकी ४९ टक्क्यांचे त्रासदायक वर्तन डॉक्टरांच्या मूल्यमापनात बरेच निवळले. औषधहीन द्रव घेणाऱ्यांत हे प्रमाण २१ टक्के होते. याच वर्तनाविषयीच्या पालकांच्या प्रश्नावलीत मात्र गटागटांत फरक दिसला नाही. अर्क घेणाऱ्यांपैकी २८ टक्क्यांना गुंगी आली. गुंगीतले मूल शांतच दिसते, आणि जे बोलू शकत नाही ते ‘मला बरे वाटत नाही’ असे सांगणार कसे? शिवाय औषधाविनाही पाचांतल्या एकाचे वर्तन निवळलेले दिसते, तेव्हा कृतज्ञ पालकांचे अनुभव, कितीही प्रामाणिक असले तरी, पुरावा म्हणून अपुरे पडतात.

यावर आक्षेप येतो, की पर्याय तरी कोणता? अमेरिकेत स्वमग्न मुलांच्या चिडचिडीसाठी २००६ साली मान्यता मिळालेल्या रिस्पेरिडोनने वजन झपाट्याने वाढते. आक्षेप खरा आहे. पण ते वजन किती वाढते हे चाचण्यांनीच दाखवले, आणि गांजाकडूनही तेवढीच अपेक्षा आहे. उलट बाजूने, नशेसाठी गांजा ओढणाऱ्या किशोरांवरील दुष्परिणाम पुढे करून सरसकट बंदी मागितली जाते. त्यांच्या शरीरात जाणारे टीएचसी या अर्कापेक्षा कितीतरी जास्त असते, त्यामुळे ती तुलना जशीच्या तशी लागू पडत नाही. डोके भिंतीवर आपटणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना दहा वर्षे थांबा म्हणणेही निर्दयपणाचे आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१५ मध्ये औषधनियामकाच्या चौकटीबाहेरील वापराला विरोध करूनही अतिगंभीर आजारांतील मुलांसाठी वाट मोकळी ठेवली, ती याच जाणिवेने. मात्र अशा वापरात झोप, जखमा, भूक, शिकणे यांची नोंद मुलागणिक ठेवावी, किती आठवड्यांत फरक न पडल्यास औषध थांबवायचे हे आधीच ठरवावे, आणि चमचा दूर लोटणाऱ्या हातालाही नकार मानावे.