मेमरीतील चुका : शोध व दुरुस्ती (ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवर)

रॅममधला एखादा बिट आपोआप उलटणे, म्हणजे 0 चा 1 किंवा 1 चा 0 होणे, ही मेमरीतील चूक. अल्फा कण, वैश्विक किरण, खराब होत चाललेली चिप ही तिची कारणे. एखाद्या ट्रान्सपोर्ट कचेरीतल्या साध्या संगणकात 500 रुपये भाड्याचा तेरावा बिट उलटला, तर आकडा 4596 होईल आणि स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. बेल्जियममधील स्खारबेकला 2003 च्या निवडणुकीत एका उमेदवाराला नेमकी 4096 मते जादा पडली. आकडा अशक्य होता, म्हणूनच तो पकडला गेला. बिट उलटला असावा, असा निष्कर्ष निघाला.

ईसीसी (चूक सुधारणाऱ्या) मेमरीत सहसा 64 बिटांमागे 8 तपासणी-बिट असतात. रिचर्ड हॅमिंग यांच्या 1950 च्या संकेतपद्धतीवर आधारलेली ही योजना एका बिटाची चूक सुधारते व दोन बिटांची ओळखते. पण हे काम मेमरी कंट्रोलरचे. ऑपरेटिंग सिस्टिमचे खरे काम हिशेब ठेवण्याचे : मेमरीच्या कोणत्या पट्टीत किती चुका झाल्या, याची नोंद लिनक्समध्ये ‘ईडॅक’ ठेवते. चूक सुधारलीच आहे, मग नोंद कशाला, असे कोणी म्हणेल. गूगलच्या सर्व्हरांवरील 2009 च्या अभ्यासात वर्षभरात सुमारे 8 टक्के पट्ट्यांत चुका आढळल्या, आणि सुधारता येणारी चूक दिसलेल्या पट्टीत न सुधारता येणारी चूक होण्याची शक्यता बरीच वाढलेली होती. नोंद हा आगाऊ इशारा आहे. तो वाचून पट्टी वेळेत बदलता येते.

न सुधारता येणारी चूक आली की लिनक्स शक्य असल्यास ती चूक असलेले मेमरीचे पान (सहसा 4 केबीचा तुकडा) वापरातून काढते. पान डिस्कवरच्या फाइलची न बदललेली प्रत असेल, तर ते पुन्हा वाचून घेता येते. इथे मात्र सिस्टिम खरोखर दुरुस्ती करते. नाहीतर ते पान वापरणारा प्रोग्राम बंद पाडला जातो. हे क्रूर वाटते, पण चुकीचा आकडा डिस्कवर, मग बिलावर जाण्यापेक्षा बरे. मेमटेस्टसारखी मेमरी-चाचणी चालवणे पुरेसे नाही, कारण ती फक्त त्या वेळेपुरतीच तपासणी असते. डीडीआर5 च्या चिपमधली अंगभूत दुरुस्तीही सहसा सिस्टिमला काही कळवत नाही. तेव्हा ज्या संगणकावर पैशांचे हिशेब राहतात, तो घेताना ईसीसी आहे का हे विचारावे, आणि असेल तर त्याच्या नोंदी अधूनमधून उघडून पाहाव्यात.